काळूच्या डोहातला दगड

माझा धाकटा भाऊ परदेशातून परत आला तेव्हा त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या, आणि तो रडला मात्र एका दगडासाठी. मला राग आला. राग मला कशाचाही येतो, ते गावाला माहीत आहे. बायको म्हणते, तुमच्या नाकाला शेंडाच नाही, तिथे रागच बसलाय. पण तेव्हाचा राग वेगळा होता. इथे माणूस हातचा चाललाय, एक दिवसाआड शहापूरला नेऊन मशीनवर झोपवावं लागतंय, पाणी सुद्धा वाटीने मोजून द्यावं लागतंय, आणि हा म्हणतो, दादा, गळा मोकळा मोकळा वाटतो. मी म्हटलं, गळ्याचं काय घेऊन बसलास, अंगाचं बघ. तो भिंतीकडे तोंड करून पडला.

तो न्यूझीलंडला होता, गाईंच्या गोठ्यावर कामाला. आमच्या बापाने मुरबाडकडच्या आमच्या गावात भातशेती केली, म्हशी राखल्या, आणि निदान धाकट्याचा हात शेणात जाऊ नये म्हणून त्याला शिकवलं. ते पोरगं विमानात बसून दुसऱ्याच्या गाईंच्या धारा काढायला गेलं. हे मी त्याला फोनवर ऐकवायचो आणि तो हसायचा. तिकडे तो एका म्हाताऱ्याच्या घरामागच्या खोलीत राहायचा. म्हातारा माओरी, म्हणजे तिथला मूळचा माणूस, आणि कामाने दगड कोरणारा. त्यांच्या नद्यांत एक हिरवा दगड मिळतो, त्याला पोनामू म्हणतात. त्याचे गळ, पाती, नेच्याच्या कोवळ्या कोंबासारखी वेटोळी, असं घडवून ते लोक गळ्यात घालतात. सुट्टीच्या दिवशी भाऊ म्हाताऱ्याजवळ जाऊन बसायचा, बघता बघता घासायलाही लागला. लग्न त्याने केलं नव्हतं, बाटलीचा नाद नव्हता, मग एवढाच एक नाद.

तब्येत गेली, काम गेलं, परत निघाला, तेव्हा म्हाताऱ्याने आपल्या हातचा एक गळ त्याच्या गळ्यात बांधला. मासे धरायचा असतो तसा गळ, पण दगडाचा, अंगठ्याएवढा. पाणी ओलांडून जाणाऱ्याला तो सांभाळतो, असं त्यांच्यात मानतात. भाऊ तो गळ्यात घालून समुद्र ओलांडून आला खरा. मुंबईच्या एका दवाखान्यात त्याला घाईघाईने आत घेतलं, अंगावरचं सगळं उतरवलं, आणि पुढे कपडे मिळाले, घड्याळ मिळालं, दगड काही मिळाला नाही. कुणाला काय वाटला असेल, कचऱ्यात गेला असेल. मी तिथे जाऊन तमाशा केला, पण तमाशाने दगड सापडत नाही.

तो भिंतीकडे तोंड करून पडला त्याच संध्याकाळी मी त्याला म्हटलं, रडतोस कशाला, मी घडवून देतो. कारखान्यात फिटर म्हणून जन्म घालवलाय, लोखंड मापात आणलंय, दगड काय मोठा लागून गेला. तो उठून बसला. मग त्याने मोबाइलमधला फोटो दाखवला आणि त्या म्हाताऱ्याच्या रीती सांगायला सुरुवात केली. स्वतःसाठी स्वतः घडवायचा नसतो, दुसऱ्याने द्यावा लागतो. घालणारा गेला की तो दगड घरातल्या दुसऱ्या माणसाच्या गळ्यात जातो, आणि आधीची सगळी माणसं त्याच्यासोबत जातात. हुबेहूब त्यांची नक्कल मात्र आपण करायची नाही, ते त्यांचं आहे. आपला दगड घ्यायचा, आपल्याकडचा गळ घ्यायचा, रीत तेवढी त्यांची. बाप तानसा तलावाच्या कडेला बसून मासे धरायचा, त्याचा एक जुना गळ माळ्यावर डब्यात होता. तो काढून आम्ही कागदावर ठेवला, भोवती पेन्सिल फिरवली, आणि टोकाला भावाने नेच्याच्या कोंबासारखं एक बारीक वेटोळं काढलं.

सगळ्यात शेवटी, माझ्याकडे न बघता, त्याने सांगितलं की रागात असताना दगडाला हात लावायचा नाही. राग आत जातो आणि घालणाऱ्याच्या अंगाला लागतो. डोकं फिरलं की दगड खाली ठेवायचा, हात धुवायचे, मग बसायचं. मी म्हटलं, हे तुझा म्हातारा म्हणाला की तू आता माझ्यासाठी रचलंस? तो म्हणाला, म्हातारा म्हणाला. बायको आतून मोठ्याने हसली. त्या घरात किती दिवसांनी कुणी हसलं होतं.

पहिला दगड कसाऱ्याहून आणला. तिकडे नव्या रस्त्यासाठी डोंगर पोखरला तेव्हा सुरुंगाच्या मलब्यात हिरव्या गारगोट्या, आमच्याकडे गारा म्हणतात, निघाल्या होत्या. ओळखीच्या ड्रायव्हरने मुठीएवढी एक गार दिली, पाण्यात बुडवली की शेवाळासारखी हिरवीगार. मागच्या पडवीत मी बस्तान मांडलं. ग्राइंडरला हिऱ्याचं पातं, वरून पाण्याची धार, नाकातोंडाला फडकं. कारखान्यात दगडाच्या धुळीने छाती गेलेली माणसं मी पाहिली होती, म्हणून कोरडं कधी कापलं नाही. लोखंड सांगितलेलं ऐकतं. दगड ऐकत नाही, त्याच्या अंगात आधीच काय आहे ते आपल्याला दिसत नाही. तरी गळाचा बाहेरचा आकार आला, आतली कमान आली. भाऊ उन्हात गोधडी गुंडाळून बसायचा आणि बोटाने दाखवायचा, इथे अजून, इथे बस.

एक दिवस शहापूरला मशीन बंद होतं. बसवून ठेवलं, मग उद्या या म्हणाले. उद्या या! त्याच्या पायावर सूज, श्वास लागलेला. मी तिथे आवाज चढवला आणि व्हायचं तेच झालं, कुणी ढुंकून बघितलं नाही. किन्हवलीच्या रस्त्याने परत येईपर्यंत माझं डोकं तापलेलंच होतं. त्याला आत निजवलं आणि मी सरळ पडवीत जाऊन ग्राइंडर चालू केला. हात धुतले नाहीत. एकदाच जोर दिला, आणि गार मधोमध तडकली.

भाऊ आवाज ऐकून दारापर्यंत आला होता. मला वाटलं, आता बोलेल. वाकून त्याने दोन्ही तुकडे उचलले, सदऱ्याच्या खिशात घातले आणि भिंत धरून आत गेला. बोलला असता तर बरं झालं असतं. मी पडवीत तसाच बसून राहिलो, बायकोने जेवायला हाक मारली तरी उठलो नाही. म्हणतात ना, करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. माझा तर मारुतीही झाला नाही.

थंडी पडल्यावर मी आत्याला नवे पोहे द्यायला तिच्या गावी, वैशाखऱ्याकडे गेलो होतो. आत्या म्हणजे आमच्या बापाची बहीण. आई गेली तेव्हा भाऊ एवढासा होता, आत्याने त्याला दोन-तीन वर्षं आपल्याकडे नेऊन सांभाळला. तिचा नवरा, आम्ही त्याला मामा म्हणायचो, मागेच वारला. ती त्या घरात एकटी राहते. येताना गाडी लावून मी काळू नदीत उतरलो. पाणी उतरलेलं होतं, डोहाच्या खालच्या अंगाला एक वाकलेला उंबर आहे, तिथे गोट्यांचा थर लागलेला. बसून एकेक गोटा उचलून बघत होतो. एक हातात आला तो सोडवेना. काळा, पण उन्हात धरला की हिरवी झाक मारायचा, गुळगुळीत, तळहातात बसणारा, कुठे भेग नाही. ह्या दगडात भावाचा गळ आहे, असं मला तिथेच वाटलं. दगड खिशात घालून घरी आणला.

त्याचं काम मी घाई न करता केलं. कापायचं तेवढंच ग्राइंडरने कापलं, बाकी सगळं हाताने. भोक पाडायला बारीक बिट, खाली पाणी, थांबत थांबत. मग पाण्याचा पॉलिश पेपर, आधी खरखरीत, मग बारीक, मग त्याहून बारीक. गावातले येऊन बघून जायचे आणि शहाणपणा शिकवायचे, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणे. अरे, याला टाकी लावायचीच नाही, नुसतं घासायचंय, हे कुणाला समजावणार. राग आला की दगड खाली ठेवायचा. बादली पडवीतच भरून ठेवली होती. पहिले काही दिवस तर माझे हातच सुकत नव्हते. बायको म्हणायची, भावजींच्या दगडाने माझं काम केलं.

भाऊ आतून आतून वाळत चालला होता. दुपारी पडवीत येऊन बसायचा, पण बोटाने दाखवणं हळूहळू बंद झालं. मग फक्त बोलायचा. तिकडच्या गोठ्याचं, पहाटेच्या धुक्याचं, म्हाताऱ्याच्या हाताचं. कधी मध्येच झोपायचा. मी घासता घासता त्याची छाती हलते का ते बघायचो. मला एकच भीती होती, की हा गळ होईल आणि बांधायला गळा नसेल. ही भीती मी कुणाला बोललो नाही, पण दिवसभर ती माझ्या शेजारी बसलेली असायची.

शिमग्याच्या आधी गळ पुरा झाला. शेवटी खोबरेल लावून नुसत्या तळव्याने चोळला तेव्हा काळ्यातून हिरवं वर आलं. वेटोळं थोडं वाकडं झालं होतं, मलाच माहीत. मी दोरा ओवला, हात धुतले आणि त्याच्या गळ्यात बांधला. त्याने बोटांनी चाचपून पाहिला, डोळे मिटून. दगड अंगाला लागून गरम व्हायला वेळ लागतो, तेवढा वेळ त्याने बोटं तिथेच ठेवली. मग म्हणाला, झाला रे गरम. आणि जरा वेळाने, माझ्यानंतर तुझ्या गळ्यात. मी म्हटलं, बरं. खरं सांगायचं तर मला तो हवा होता. तो जाणार हे डॉक्टरांनी सांगून झालं होतं. त्याच्या अंगाची ऊब लागलेलं काहीतरी माझ्याकडे राहावं, एवढीच माझी इच्छा होती, आणि ती मी घासत असताना रोज त्या दगडाला सांगितली होती.

पुढे चैत्रात आत्या त्याला बघायला आली. त्याला बघून तिने रडून घेतलं, मग डोळे पुसून जवळ बसली, केसांतून हात फिरवला. गळ्यातला दगड तिला फार आवडला. हातात घेऊन वळवून वळवून बघितला, नखाने वेटोळं चाचपलं. मला म्हणाली, तुझ्या हातात एवढी कळा व्हती व्हय रे, आमाला वाटलं नुसता राग हाय. आणि मग सहज विचारलं, दगड कुठनं आणलास?

मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. तुझ्याच नदीतला आहे, आते. काळूच्या डोहाखाली तो वाकलेला उंबर आहे ना, तिथला.

तिने दगड सोडला. चटका बसल्यावर सोडतात तसा.

"तिथं आमच्या गावाची दहावी व्हतात रे," ती म्हणाली. "समद्यांचे जीवखडे तिथंच सोडल्यात."

जीवखडा म्हणजे काय हे आमच्याकडे पोरासोरांनाही माहीत असतं. माणसाला अग्नी दिला की तिथला एक दगड उचलायचा. मेलेल्याचा जीव दहा दिवस त्या दगडात राहतो. त्याच्यावर रोज पाणी घालायचं, त्याच्यासमोर पिंड ठेवायचे, आणि दहाव्याला कावळा शिवला की तो दगड पाण्यात सोडायचा. असा कुणाचा तरी सोडलेला माणूस मी उचलून घरी आणला होता, कापला होता, भोक पाडलं होतं, आणि भावाच्या गळ्यात बांधला होता.

माझं डोकं सटकलं. मी आत्यावरच ओरडलो. वर सिमेंटचा घाट बांधलाय, पत्र्याची शेड आहे, दहावी तिथे होतात, मला काय स्वप्न पडणार होतं का. ती म्हणाली, घाट आत्ता झाला, त्याच्या आधी पिढ्यान्‌पिढ्या उंबराखालीच व्हायची, आणि वरचे दगड पण पुराने तिथेच येऊन लागतात. मी म्हटलं, नदीत काय दुसरे दगड नसतात? असतील की, ती म्हणाली, पण ह्यो कुठला, कुणी सांगायचं? बायको पदर तोंडाला लावून उभी होती. आत्या म्हणाली, काढ, आधी काढ त्येच्या गळ्यातनं. आणि माझे हात दोऱ्याच्या गाठीकडे गेलेसुद्धा.

भावाने माझं मनगट धरलं. त्याच्या हातात जोर असा राहिला नव्हता, तरी धरलं.

"नको काढू, दादा. कुणाचा तरी असंल, असू दे," तो म्हणाला. "मी येकटाच चाललो व्हतो. सोबत झाली."

बायको आत निघून गेली. मला तिथून उठून पळावंसं वाटत होतं, पण मनगट त्याच्या हातात होतं. मग तो आत्याकडे वळला आणि जवळजवळ हसत म्हणाला, आते, मामांचा बी असंल. आत्याने त्याच्याकडे असं बघितलं की मी मान खाली घातली.

मी त्याला म्हटलं, ठीक आहे, राहू दे, तुझं झालं की मी घालतो, जे काय लागायचं ते मला लागू दे. हे मी मोठ्या मनाने बोललो असं नाही. मला तो दगड सोडायचा नव्हता.

"आता नाय," तो म्हणाला. "माझं झालं की जीवखडा म्हनून ह्योच घ्या, आनि दहाव्याला आनलास तिथंच सोड. दुसऱ्याचा मानूस आपन आपल्या घरात किती दिवस ठेवायचा?"

मी म्हटलं, तूच म्हणालास की माझ्या गळ्यात. तो म्हणाला, तेव्हा कुठं म्हाईत होतं. मी वाद घालायला गेलो, आधी रागाने, मग हातापाया पडून. तुझं म्हणून माझ्याकडे काय राहणार, असं सरळ विचारलं. तो दमला होता, त्याने डोळे मिटले. मी पडवीत जाऊन बादलीत दोन्ही हात कोपरापर्यंत बुडवून बसलो. काही उपयोग झाला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो झोपलेला असताना मी आत डोकावलो. आत्या त्याच्याजवळ बसली होती. तिचा हात त्याच्या छातीवर होता, त्या दगडावर. ती काहीतरी पुटपुटत होती, आणि ते भावाशी नव्हतं. घरातल्या माणसाला सांगावं तसं, आंबा यंदा धरला नाही, पत्रे गळतात, असलं काहीबाही चाललेलं. मी तसाच मागे फिरलो. ती परत गेली तोवर दगड काढायचं नाव तिने पुन्हा काढलं नाही.

वैशाख लागता लागता तो गेला. सकाळी चहा नको म्हणाला, आणि मी कप ठेवून वळलो तेवढ्यात गेला. शहापूरला न्यायचा दिवस होता, गाडी दारात उभी होती.

थोरल्याने धाकट्याचं करायचं म्हणजे उलटी गंगा. पण त्याला दुसरं कोण होतं. दोरा मीच सोडला. दगड अजून गरम होता. स्मशानात भटजींनी दगड मागितला तेव्हा मी तो पुढे केला. ते बघतच राहिले. भोक पाडलेला, आकार दिलेला, हा कसला जीवखडा, साधा एखादा घ्या म्हणाले. माझ्या कानशिलात रक्त चढलं. चार लोक बघत होते, सगळ्यांना माहीत की आता हा फुटणार. मी दगड गवतावर ठेवला, मडक्यातलं पाणी घेऊन हात धुतले, आणि शांतपणे सांगितलं की त्याची इच्छा होती. आत्या बायकांत मागे उभी होती. तिथूनच म्हणाली, दगड आमच्या घाटावरचाच हाय, चालतो. भटजींनी मग पुढचे मंत्र सुरू केले.

मडकं खांद्यावर घेऊन फेरा मारायचा आणि त्या दगडानेच मडक्याला भोक पाडायचं. मी जाड बाजू धरली आणि इतकं हळू मारलं की मडक्याला टवकाही उडाला नाही. मागून कुणीतरी म्हणालं, अरे जोरात मार की. मी दात आवळून मारलं. पाण्याची धार पाठीवरून आली. दगड मी मुठीतच चाचपून पाहिला. टोक होतं, वेटोळं होतं, सगळं शाबूत होतं. पुढे चिता जळत असताना सुद्धा माझं अर्धं लक्ष मुठीतच होतं, त्याची मला लाज वाटते.

दहा दिवस तो पडवीतल्या कोनाड्यात होता, जिथे मी तो घडवला तिथेच, ग्राइंडरच्या वर. रोज अंघोळ करून त्याच्यावर तीळ आणि पाणी घालायचो. मनात यायचं, नदीतला कुठलाही एक काळा गोटा उचलावा, याच्या जागी तो सोडावा आणि हा ठेवून घ्यावा, कुणाला कळणार आहे. पण भावाला शब्द दिला नव्हता तरी त्याने मागितला होता, आणि आत्याला कळलं असतं. ती बोटाने ओळखायची तो दगड.

दहावं आपल्या गावच्या घाटावर न करता काळूच्या डोहावर करायचं म्हटल्यावर भावकी कुरकुरली. केलं तिथेच, आणि सिमेंटच्या घाटावर नाही, खाली उंबराजवळ. कावळा आला आणि लगेच शिवला. लोक म्हणाले, पोरगं समाधानी गेलं, काही मागे ठेवलं नाही. खरंच, त्याने माझ्यासाठी काही मागे ठेवलं नव्हतं. मला रडू आलं ते या गोष्टीचं आलं, आणि लोकांना वाटलं कावळा शिवल्याचं.

मग सोडायची वेळ आली. पाण्याकडे पाठ करून उभं राहायचं, दगड खांद्यावरून मागे टाकायचा, आणि वळून न बघता चालू लागायचं. मी त्याला शेवटचा चोळून घेतला. बोटाला वेटोळ्याचा वाकडेपणा लागला. वैशाखातला डोह आटून मधोमध गोळा झाला होता, हे उतरताना मी बघितलं होतं. नेटाने टाकायला हवं होतं. पण तो हातातून नेटाने टाकवेना. सोडल्यासारखा टाकला.

पाण्याचा आवाज आला नाही. दगडावर दगड आपटल्याचा आला.

मी वळणार होतो. मान वळायला लागली होती. आत्या शेजारी होती, तिने माझा दंड घट्ट धरला आणि हळू आवाजात म्हणाली, चल. आम्ही चढ चढून वर आलो. गाडीत बसेपर्यंत तिने दंड सोडला नाही.

आता काळू दोन्ही थड्या भरून वाहते. बायको म्हणते, गळच होता तो, पाण्याचीच वस्तू, पाण्यात गेला, कशाला जीव जाळता. ती मागे बायकांत होती, तिने तो आवाज ऐकलेला नाही. पडवीतली बादली अजून भरलेली असते. भावाच्या सदऱ्याच्या खिशात ते पहिल्या गारेचे दोन तुकडे सापडले, ते मी कोनाड्यात ठेवलेत. जुळवून धरले की मधली रेघ तेवढी दिसते.

होळीनंतर पाणी उतरेल. उंबराखाली जाऊन शोधता येईल, अख्खा आहे की दोन झाले. भोक पाडलेला दगड ओळखायला कितीसा वेळ लागतो. पण मी जाणार नाही. तिथे सगळ्यांचेच दगड आहेत, आणि भावाला शोधताना पुन्हा दुसऱ्याचा माणूस हातात आला, तर या वेळी तो मला खाली ठेववणार नाही.